चिनी, स्वाहिली आणि तिची हाक

मटार सोलणं हे आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. नात समोर बसून विचारत होती, "आजी, कॉलेजात चिनी घेऊ की स्वाहिली?" आफ्रिकेतली स्वाहिली म्हणे सरळ, लिहिली तशी वाचायची. चिनीत मात्र आवाज जरा वरखाली झाला की अर्थच बदलतो.

"स्वाहिली घे," मी म्हणालो. "चिनी कुणाच्या बापाला येणार?"

ही हसली. "तुझ्या आजोबांना येते की! जन्मभर मी नुसतं 'अहो' म्हणते. कधी जेवायला या, कधी गप्प बसा. बरोब्बर कळतं त्यांना."

मी चौथी शिकलेला माणूस. शेंग हातातच राहिली. केवढा तो देश, कोट्यवधी माणसं, बाजारात भांडतात तीही सुरावर! आणि ती विद्या हिनं मला चुलीपाशी बसून शिकवली, मला पत्ताही नाही.

त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून दारात येऊन म्हणाली, "बाबा, उठा, चहा झालाय." शब्द अगदी सरळ होते. मला कळले. तरी मी स्वयंपाकघराकडे कान लावून पडून राहिलो.