आईच्या कमरेचं यंत्र

आईला साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, "रोज चाला, नाहीतर सुया घ्याव्या लागतील." मी तेव्हा विडी कामगारांसाठी पत्रकं लिहीत होतो. बायकांना दिवसभर मांडीवर पानं-तंबाखूचं सूप देऊन एका जागी खिळवणाऱ्या मालकांवर आग ओकत होतो. आईही घरी बसून विड्याच वळायची. डॉक्टरांचं ऐकून आधी मनात आलं, घरातच पुरावा मिळाला. आईची काळजी त्यानंतर.

मित्राच्या काकांनी परदेशातून पावलं मोजायचं यंत्र आणलं होतं. खिशातल्या घड्याळाएवढं. पाऊल पडलं की आत टक् व्हायचं, काटा सरकायचा. ते मागून आणून मी आईच्या कमरेला अडकवलं. रोज संध्याकाळी काटा बघायचो.

"एवढंच? दिवसभर केलंस काय?"

"विड्या वळल्या की रं. बिनकामाचं कुटं फिरू? बाया म्हनतील, हिला घरात काम न्हाय व्हय?"

"म्हणू देत!"

"तुजं काय जातंय."

आमच्या भवानी पेठेत बाई दळणाला जाते, बाजाराला जाते. नुसतं चालायला कुणी बाहेर पडत नाही. मला तो अडाणीपणा वाटला. रोज जेवताना तिला भाषण.

पंधरवड्यात काटा भराभर पळू लागला. मी कामगार बायकांच्या बैठकीत आईचं उदाहरण ठोकून दिलं. बाया पदराआड हसल्या. मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली. डॉक्टरांनी महिन्याची मुदत दिली, मग सुया. त्यांच्याशीच भांडून मी अवेळी घरी आलो. आई शेजारच्या काकूंसोबत विड्या वळत बसलेली. हात चालले की सगळ्याच जणींचा गुडघा हलतो. आईच्या गुडघ्याला चिंधीनं यंत्र बांधलेलं. टक् टक् टक्.

आई दचकली. "सांजच्याला तू लई बोलतोस रं," एवढंच म्हणाली.

काकू मात्र खो खो हसल्या. "पुढारी, आदी ही माज्यासंगं कारखान्यात माल द्यायला चालत यायची की! तूच न्हाय का सायकल काढलीस?"

काढली होती. आईनं ओझं का वाहावं, म्हणून विड्यांची टोपली मीच पोचवायचो. त्याचा मोठेपणाही मिरवला होता. जाता-येता त्या दोघी गप्पा मारायच्या, कारखान्याच्या दारात रांगेत उभ्या राहायच्या. तिचं बाहेर पडणं तेवढंच होतं. तेही मीच बंद केलं होतं, आणि वर तिला आळशी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी यंत्र मित्राकडे परत केलं. दुपारी आईनं टोपली उचलली.

"मी येऊ सोबत?"

"नगं. तू आलास की आमाला बोलता येत न्हाय."

दोघी निघाल्या. महिना संपायचाय; सुया टळतील का, सांगता येत नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत आई मागं वळून बघत होती, मी रागावलो की काय म्हणून.