मोबाईलमधली बाई अन् येळवशीची भज्जी

तूर कितीही निवडा, मूठभर खडे निघतातच. आमच्या ओसरीवरच्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगून संपेस्तोवर दुसरा तयार! अक्षराची अन् माझी ओळख न्हाई, म्हणून मी बोलायलेय अन् मोबाईल लिहायलाय.

सून जयश्रीनं माझ्या मोबाईलमध्ये एआयचं नवं ॲप टाकून दिलं. काहीही विचारा, आतून एक बाई गोड आवाजात उत्तर देते! ओसरीवर आम्ही तिघी: मी, शेजारची गोदाबाई अन् समोरची शरणक्का. दुपारभर नुसती धमाल! फक्त शरणक्का मधूनच गप्प व्हायची. तिची लेक महादेवी कर्नाटकात आळंदला दिलेली. मागं एका येळवशीला, म्हणजे सगळं गाव रानात जेवतं त्या सणाला, लेकीनं केलेली पालेभाज्या अन् हिरव्या दाण्यांची भज्जी चाखून शरणक्का चारचौघांत म्हणाली, "मीठ किती गं हे!" तेव्हापासून लेक सणाला आली न्हाई. अन् येळवस पुन्हा तोंडावर आली होती.

*

पहिल्या दिवशी गोदाबाईनं रीतीप्रमाणं विचारलं, "जेवलीस का गं बाई?"

"मी जेवत नाही, पण आपुलकीनं विचारलंत, छान वाटलं."

गोदाबाई हळूच मला म्हणाली, "सोमवार धरलाय वाटतं!"

*

शरणक्कानं मराठीत सुरू केलेला प्रश्न कन्नडमध्ये संपवला. बाईनं पटकन कन्नडमध्ये उत्तर दिलं! शरणक्का उठून उभी राहिली. "अगं, ही आमच्याकडलीच हाय! कोणाची लेक गं तू?"

*

गोदाबाईला नातीच्या डोहाळजेवणात घ्यायला उखाणा पाहिजे होता.

बाई म्हणाली, "नक्की! यजमानांचं नाव सांगा."

गोदाबाई लाजून लाल. "अगं, नाव घ्यायलाच तर उखाणा पाहिजे! आधीच सांगितलं तर उखाणा कशाला?"

शेवटी तिच्या म्हाताऱ्यालाच हाक मारली. त्यानं मोबाईलपाशी तोंड नेऊन स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. उखाणा आला. म्हातारा खुश होऊन म्हणाला, "जन्मात हिनं माझं एवढं कौतुक केलं न्हाई!"

*

येळवशीच्या आंबिलीत लसूण घालावा का, यावर माझं अन् गोदाबाईचं वाजलं. मी विचारलं, बाई म्हणाली, "तुमचं बरोबर आहे." गोदाबाईनं उलटं विचारलं, तर तिलाही, "तुमचंही बरोबर आहे!"

मी म्हणाले, "सून असावी तर अशी!"

आतून जयश्री म्हणाली, "मग रातच्या भाकरी तिलाच थापायला सांगा, आत्याबाई!"

*

येळवशीच्या आदल्या दिवशी शरणक्कानं मोबाईल हातात घेतला. "बाई, माझ्या लेकीला सणाला बोलव. लिही, मीठ एवढं काही जास्त न्हवतं."

बाईनं लिहिलं. जयश्रीनं वाचून दाखवलं, "प्रिय कन्ये, भूतकाळातील गैरसमज विसरून आपण स्नेहाचा नवा अध्याय सुरू करूया..."

शरणक्का उखडली, "हे कोण बोलायलंय? लेकीला वाटंल, अव्वा कचेरीत नोकरीला लागली!"

पण जयश्रीनं तोवर पाठवूनही टाकलं. जरा वेळात उत्तर आलं, "आदरणीय मातोश्री, आपल्या भावनांचा मी मनःपूर्वक आदर करते..."

शरणक्का म्हणाली, "माझी लेक अशी बोलत न्हाई. तिनंबी हिच्याकडनंच लिहून घेतलंय!"

मग तिनं आपल्याच आवाजात बोलून पाठवलं, "महादे, त्या बाईला जरा बाजूला बसव. आंबील आंबायलीय. येतीस का न्हाई?"

उत्तर आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी रानात कडब्याच्या खोपीपुढं पंगत बसली. शरणक्काचा घास काही उचलंना, डोळे सगळे वाटेकडं. तेवढ्यात बांधावरनं महादेवी आली, हातात डबा! तिनं डबा उघडला. आईच्या ताटात भज्जी वाढली अन् माझा मोबाईल उचलून तिच्यापुढं ठेवला.

"अव्वा, आधी हिला विचार, मग बोल."

माझ्याही ताटात तीच भज्जी होती. मी चाखली अन् पाण्याचा तांब्या शोधायला लागले. सगळे शरणक्काकडं बघायलेत. तिनं घास चावला, गिळला अन् मोबाईलकडं वळली.

"बाई, तू जेवत न्हाईस, तेच बरं हाय!"

अन् ताट पुढं केलं. "वाढ गं महादे, अजून वाढ."