बॅटरीवरचा मामा औशाला निघाला

इलेक्ट्रिक पिकअप लांबच्या प्रवासाला अत्यंत सोयीचा असतो. फक्त प्रवास लांबचा नसावा.

हे मी अनुभवानं सांगतो. नांदेडात माझं कपाटं, कूलर अशा घरसामानाचं दुकान आहे. घरपोच माल द्यायला मी बॅटरीवरचा पिकअप घेतला आणि गावात तरी त्याला तोड नाही. आवाज नाही, धूर नाही, डिझेल नाही. मी इतका हुरळलो, की पेट्रोल पंपासमोरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवायचो (पंपवाला मला ओळखतही नव्हता, पण वाजवायचो!). त्यातच माझ्या भाचीचं, रेणूचं, औशाला लग्न ठरलं. आमच्याकडे मामाची पिवळी साडी नेसल्याशिवाय मुलगी बोहल्यावर जात नाही, आणि मामानं हाताला धरून आणल्याशिवाय तिथवर पोचतही नाही. म्हणजे साडी मी नेणार, मुलगी मी आणणार, आणि वर संसाराचं सामानही माझ्याच दुकानातलं!

"भाड्यानं ट्रक करा," मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणाली.

"घरची गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"ते रस्त्यात भेटले की सांगतीलच."

दिवाण, गाद्या, कूलर, भांडी पिकअपवर चढली. आरशाचं कपाट आडवं टाकलं तर आरसा फुटेल, म्हणून ते मागे जोडलेल्या छोट्या ट्रॉलीत उभंच बांधलं. उभं कपाट वारा किती खातं, हे मला काय माहीत! मी कपाटं विकतो, ती रस्त्यानं पळवण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. आरसा मागच्या बाजूला आला होता, त्यामुळे आमच्या मागे लागलेला एकही मोटारसायकलवाला पुढे जाईना. सगळे भांग पाडत मागेच!

निघालो तेव्हा बॅटरी शंभर टक्के होती आणि माझा रुबाब दीडशे. लोहा मागे पडेपर्यंत दोन्ही निम्म्यावर आले. अहमदपूरचा चढ लागला तसा मी गाडीतला पंखा बंद केला. मग गाणी बंद केली. मग मंगलचा मोबाइल चार्जरवरून उपटला.

"आता श्वासबी बंद करू का?" घाम पुसत तिनं विचारलं.

अहमदपुरात माझी मावशी राहते. तिच्या खिडकीतून वायर घेतली. मावशीला वाटलं, आम्ही खास तिलाच भेटायला थांबलो! ती हरखली, तिनं पुरणाचा घाट घातला, आणि तेवढ्यात लाइट गेली. पुरण गॅसवर शिजलं. बॅटरीला गॅस चालत नाही. लाइटची वाट बघता बघता दुपार झाली. मुहूर्त गोरज होता म्हणून बरं. शेवटी लाइट आल्यावर घोटभर करंट घेऊन आम्ही सुटलो.

चाकूरच्या थोडं पुढे गाडीनं मान टाकली. आणि टाकली ती कुठं? माणिककाकांच्या दारात!

माणिककाका माझे सख्खे चुलते. इकडच्या आमंत्रणांचा जिम्मा बहिणीनं माझ्यावर टाकला होता. आमच्यात घरी जाऊन, कुंकू लावून, हातावर अक्षता ठेवून बोलावतात. पण काकांचं गाव माझ्या पिकअपच्या टप्प्याबाहेर! जाणं जमलं असतं, परत येणं नाही. म्हणून मी त्यांना पत्रिका मोबाइलवर पाठवली होती. (खाली हात जोडलेलं चित्रसुद्धा टाकलं होतं!)

काका अंगावर शाल घेऊन ओट्यावर बसले होते. भर उन्हात शाल! मला बघून ते हललेसुद्धा नाहीत.

"काका, जरा वायर लावू का?"

"वायर कशाला? गाडीचा नंबर दे. मोबाइलवर करंट धाडतो."

"चुकलं, काका."

"आसं तोंडानं नको बोलू. हात जोडल्यालं चित्र टाक की!"

काकूंना दया आली. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही गाडी अंगणात ढकलली. ढकलताना माझ्या कमरेत अशी उसण भरली, की मी ओणवा झालो तो तसाच राहिलो. वायर लावली. गाडीच्या पडद्यावर आकडे आले: पूर्ण भरायला उद्याची सकाळ! इतक्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, कुठं हाईस रे?"

"हा काय, आलोच!"

"आलोच म्हंजी कुठं? पोरगी साडीची वाट बघून राहिली. डोळ्याला धार लागलीय तिच्या."

रेणूला मी कडेवर खेळवलेलं. तिच्या लग्नात मामाच नाही, या विचारानं मला, खरंच सांगतो, रडू फुटायचं बाकी होतं.

"मी जाते एसटीनं साडी घेऊन," मंगल म्हणाली. "तुम्ही या सावकाश, बारशाला!"

एवढं बोलून तिनं पिशवीतून कुंकवाची डबी आणि अक्षता काढल्या. सरळ ओट्यावर गेली. काकूंना कुंकू लावलं, काकांच्या कपाळाला बोट टेकवलं, दोघांच्या हातावर अक्षता ठेवल्या आणि पाया पडली.

"काका, आपल्या रेणूचं लग्न हाय. सहकुटुंब सहपरिवार यायचं."

काकांनी शाल बाजूला केली. आत कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, मांडीवर घडी घातलेला फेटा! माणूस सकाळपासून तयार होऊन बसला होता.

"आसं बोलवायचं आसतंय, दिगू," ते म्हणाले आणि फेटा बांधायला लागले. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं, की मी ओणव्यानंच त्यांच्या पाया पडलो (नाही तरी निम्मं अंतर वाकलेलोच होतो).

"ट्रॅक्टर काढा रे!" काका गरजले.

काकांनी 'सहपरिवार' शब्दशः घेतला. काकू, सुना, नातवंडं, शेजारची एक आजी, सगळे पिकअपमधल्या गाद्यांवर चढले. पुढे फेटा बांधून ट्रॅक्टर चालवणारे काका, मागे साखळीला बांधलेला पिकअप, त्याच्यामागे ट्रॉली, ट्रॉलीत कपाट, आणि कपाटामागे भांग पाडणारे नवे मोटारसायकलवाले! मी मात्र स्टिअरिंग धरून, आपणच चालवतोय अशा थाटात बसलो होतो. लातुरातून जाताना चौकाचौकात लोक हात करत होते आणि मीही त्यांना हात करत होतो.

औशाला मंडपापाशी आमची ही रांग पोचली आणि बँडवाल्यांना वाटलं, नवरदेवच आला. त्यांनी जीव तोडून वाजवायला सुरुवात केली! बहीण धावत आली, मंगलच्या हातातली साडी घेऊन तशीच आत पळाली. मी कसाबसा उतरतो तोच नवऱ्यामुलाच्या वडिलांनी कौतुकानं विचारलं, "मामा, ही बॅटरीवरची ना? लांबच्या प्रवासाला कशी हाय?"

"एक नंबर!" मी म्हणालो. "नांदेड ते औसा, डिझेलचा थेंब लागला नाही!"

"हाव, त्याला न्हाई लागला," ट्रॅक्टरवरून उतरत काका म्हणाले. "मला लागला!"

सूर्य कलला. रेणू पिवळी साडी नेसून आली. अशी गोड दिसत होती, की मी सगळा दिवस विसरलो. भटजींनी पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या!" मी तिचा हात धरला, एक पाऊल टाकलं आणि कमरेनं मला जागच्या जागी अडवलं.

"मामा, चला की," ती कुजबुजली.

"चार्जिंग संपलं गं, पोरी."

तिनं डाव्या हातानं पदर सावरला, उजव्या हातानं माझा दंड पकडला आणि निघाली. भाचीला मामानं आणायचं असतं. औशाच्या त्या भरल्या मंडपात भाचीनं मामाला ओढत बोहल्याशी आणलं, आणि मागून माणिककाकांचा आवाज आला, "पोरी, हँडब्रेक काढलाय का बघ त्याचा!"