पुरे म्हटल्यावर थांबणारा चार्जर

आमच्या घरात पाहुण्याने 'पुरे' म्हटलं की खरं वाढायला सुरुवात होते. आई-बाबा पुण्याहून दिल्लीत द्वारकेला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा आईने ही रीत बरोबर आणली आणि बाबांच्या सेलनाही लावली.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. कंपवाताने त्यांचा आवाज इतका बारीक झाला की शेजारी बसूनही ऐकू येईना. मी त्यांना तोंडाजवळचा माइक आणि कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणून दिला. तो रिचार्जेबल सेलवर चालतो. आई रोज झोपताना सेल चार्जरमध्ये घालायची आणि सकाळच्या चहापर्यंत काढायची नाही. "भरू देत की पोटभर," म्हणायची. काढताना सेल चांगले तापलेले असायचे. काही महिन्यांतच ते तासभरही टिकेनात आणि बाबा वाक्याच्या मध्येच गप्प व्हायचे. मी चिडचिड करत नवे सेल आणायची. तेही तशीच मान टाकायचे.

मग बाबांनी माइक लावणंच कमी केलं. "जपून वापरतो," म्हणाले. जन्मभर वर्ग दणाणून सोडणारा माणूस शब्द जपून वापरायला लागला.

वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला फोटोग्राफीचा नाद आहे. त्याच्या फ्लॅशलाही असेच सेल लागतात. आमचा चार्जर उलटापालटा करून तो आईला म्हणाला, "आंटी, ये तो रुकता ही नहीं. पेट भर गया, फिर भी खिलाए जा रहा है."

आई माझ्याकडे वळली. "म्हणजे माझंच भावंड की हा."

त्याने सुचवलेला स्मार्ट चार्जर मी आणला. तो प्रत्येक सेल वेगळा तपासतो आणि भरला की आपला आपण थांबतो. दमलेले सेल रिकामे करून पुन्हा भरायचीही सोय त्यात आहे. टाकून द्यायला काढलेल्यांपैकी काही त्याने उभे केले, काही गेले ते गेलेच. आईला मात्र आठवडाभर हिरवा दिवा पटत नव्हता. "इतक्यात जेवण झालंसुद्धा?" असं त्यालाच विचारायची.

आता दोन वर्षं होत आली, तेच सेल चालताहेत. त्या तळहाताएवढ्या डब्याचे आणि वरच्या शेजाऱ्याचे उपकार मी विसरणार नाही.

परवा बाबा माझ्या मुलीला यमुना कुठून कुठे जाते ते सांगत होते. हिमालयातून निघून दिल्लीला पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली.

"अच्छा आजोबा, समजलं ना यार," मुलगी म्हणाली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "सेल आहेत का हो अजून?"

"भरपूर."

लग्न झाल्यापासून त्यांना 'आता पुरे करा' म्हणत आलेली आई खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "मग सांगा की. पुढे कुठे जाते?"