आईच्या नावाचं वायफाय

आई गेल्यावर चेरीताल मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मधोमध भिंत आली. अलीकडे मी, पलीकडे दादा. विजेचे मीटर वेगळे झाले, स्वयंपाकघरं वेगळी झाली, इंटरनेटही ज्यानं त्यानं आपापलं घेतलं. वायफायला मात्र दोघांनी आईचंच नाव दिलं आणि पासवर्ड एकच ठेवला. कल्पना दादाची. निदान मोबाइलला तरी भिंत लागू नये, असं तो म्हणाला होता. संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर चहाला येई, तेव्हा त्याचा फोन न विचारता जोडला जाई.

माझ्या मुलीला घरून करायचं काम मिळालं आणि हेच अंगाशी आलं. ती ऑफिसनं दिलेल्या लॅपटॉपवरून ग्राहकांशी बोले आणि बोलता बोलता लाइन तुटे. महिनाभरात हे थांबलं नाही तर कामावरून कमी करू, असं ऑफिसनं कळवलं. माझी नोकरी आदल्या वर्षीच सुटली होती. घरात तेवढाच पगार येत होता.

मला मोजल्याशिवाय काही पटत नाही. लॅपटॉप घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरलो. घर इतकं लहान, की जिथं जावं तिथं आमचा आणि दादाचा सिग्नल जवळपास सारखाच. नाव एक, पासवर्ड एक, त्यामुळे लॅपटॉपला दोन्ही एकच वाटत. तो घडीत इकडचं वायफाय धरी, घडीत तिकडचं, आणि प्रत्येक उडीला ऑफिसची लाइन तुटे.

मग वायफाय सांभाळणारं सॉफ्टवेअर निवडायला बसलो. लॅपटॉपमधलं मूळचं सॉफ्टवेअर फक्त नाव ओळखत होतं. दुसरं सतत जास्त जोरदार सिग्नल शोधी, त्यानं उड्या वाढल्याच. तिसरं हवं तसं निघालं. नाव सारखं असलं तरी ते सांगितलेला एकच राउटर धरून बसे. तेच ठेवलं. एक दिवस काम सुरळीत चाललं. दुसऱ्या दिवशी ऑफिसनं ते काढायला लावलं. त्यांच्या लॅपटॉपवर बाहेरचं काही टाकायचं नाही, वायरसुद्धा जोडायची नाही, असा नियम होता.

मुलगी म्हणाली, "बाबा, नावच बदलून टाका ना. काकांना मैं समझा दूँगी."

मीच गेलो. दादा शहपुऱ्याहून आलेला मटार सोलत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"पोरीची नोकरी जाऊन राहिली, तर बदल. मले काहून विचारतं?" आणखी एक शेंग सोलून म्हणाला, "मी तर आईचं नाव काढणार नाही."

मी आमच्या वायफायला घराचा नंबर दिला. पासवर्डही नवा. त्या दिवसापासून लाइन तुटली नाही. नोकरी टिकली.

संध्याकाळी दादा ओसरीवर आला. सवयीनं फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला. मी नवा पासवर्ड सांगू लागलो.

"राहू दे. माझ्या घरी आहे नेट."

चहा अर्धा ठेवून तो उठला. त्यानंतर तो ओसरीवर आलेला नाही.

मुलीच्या लॅपटॉपवर आईचं नाव अजून दिसतं, भिंतीपलीकडून, चांगल्या सिग्नलसह. चुकून जोडलं जाऊ नये म्हणून त्याचा पासवर्ड मी तिथून पुसला आहे.