त्याच्या खुर्चीमागं

"हात लावू नकोस. तोंडानं सांग."

कीबोर्डकडं नेलेला हात मी मागं घेतला. सरांचा भाचा खुर्चीत बसलेला, मी त्याच्या पाठीमागं उभी. स्क्रीनवर बोट दाखवून मी म्हणाले, "हितं न्हाय, त्याच्या खाली."

तो खुर्चीसकट फिरला. सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं बोलला, "न्हाय न्हाय, 'नाही'. मेंढरं हाकतेस का इथं? नीट बोल."

सगळे हसले. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून शिसारी येते.

सोलापुरातली ही छोटी सॉफ्टवेअर कंपनी, सरांच्या मालकीची. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावायच्या वेबसाइट आम्ही चालवतो. माझं घर सांगोल्याकडचं, मेंढपाळाचं. इंजिनिअर झाले, तरी ऑफिसात बोलायच्या आधी मी वाक्य मनात धुऊन घ्यायची. एखादं तसंच निसटायचं.

पेशंटनं मोबाइलवर दवाखान्याचं पान उघडलं, की ती मागणी आधी आमच्या रिव्हर्स प्रॉक्सीकडं येते. तो दारावरचा राखणदार. कुणाला आतल्या कुठल्या सर्व्हरकडं धाडायचं ते तो बघतो. पूर्वी हे सगळे पत्ते त्याच्या फाइलीत हातानं भरावे लागत. दर बदलाला त्याला बंद करून परत चालू करायचं. मी ते पत्ते एका की-व्हॅल्यू स्टोअरमध्ये नेले. दवाखान्याचं नाव, त्यापुढं त्याचा पत्ता, बास. प्रॉक्सीला त्या स्टोअरशी जोडलं. तिथं पत्ता बदलला की हा लगेच नवा रस्ता धरतो. काही बंद करावं लागत नाही. ही जोडणी माझी. लई जीव लावून केलेली.

ती नीट चालायला लागली आणि सरांनी स्टोअरचा पासवर्ड बदलला. नवा भाच्याला दिला. म्हणाले, "जबाबदारीची गोष्ट आहे. घरातला माणूस बरा."

तेव्हापासून साधा एक पत्ता बदलायचा तरी मी मागं उभं राहून सांगायचं. त्यानं टाइप करायचं.

सोडून जावं तर कुठं जाणार? नोकरीला लागताना माझी डिग्री, मार्कशीट, सगळे मूळ कागद सरांनी ठेवून घेतलेले. करार संपेपर्यंत कपाटात. कुलपात.

एका दुपारी अक्कलकोटच्या एका दवाखान्याची नोंद काढून टाकायची होती. तेवढीच. मी सांगत होते. "कळतंय मला," भाचा म्हणाला, आणि त्यानं एका नोंदीऐवजी सगळ्या दवाखान्यांच्या नोंदी पुसल्या.

प्रॉक्सी स्टोअरवर नजर ठेवून होता. मीच त्याला तसं लावलं होतं. पत्ते गेले तसे त्यानं सगळे रस्ते सोडले. जिल्हाभर पानं बंद. फोन वाजायला लागले. मोहोळच्या दवाखान्यातली मुलगी ओरडत होती, "मॅडम, नंबरच दिसंना! पेशंट भांडायल्यात की हितं!"

"उठा, मला बसू द्या," मी म्हणाले. "माझ्याकडं कॉपी हाय."

तो उठला नाही. तशातही मी एकेक ओळ सांगत राहिले, तो चुकत राहिला. सगळं परत येईस्तोवर संध्याकाळ झाली.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. भाचा शेजारीच बसलेला. म्हणाले, "सगळ्या दवाखान्यांना मेल टाक. माझ्या चुकीनं झालं, माफी मागते. खाली तुझं नाव."

"सर, पुसलं यांनी."

"जोडणी कुणाची? तुझी ना? मग?"

मी बाहेर जिन्यात आले. वडलांना फोन लावला. सगळं सांगितलं. आबा म्हणाले, "मागून टाक की माफी, बाई. शब्दच हायत. तुजं कागद अडकल्यात."

आबा जन्मभर हेच करत आले. मेंढरं कुणाच्या पिकात शिरलेली नसली तरी माफी आबांचीच. हात जोडून, मान खाली घालून. लहानपणी मी त्यांच्या धोतराला धरून उभी असायची. त्या जिन्यात मला कळलं, आज मलाही तसंच उभं करतायत.

मी आत गेले.

"सर, ही मेल मी लिवणार न्हाय."

भाचा हसला. "'लिहिणार नाही' म्हण."

"लिवणार न्हाय."

सर म्हणाले, "मग कागद विसर."

"ठेवा," मी म्हणाले. तोंडातून तेवढंच आलं, आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मला फोन उचलायला बसवलंय. माझ्याशी कुणी बोलत नाही. मला हसणारे आता माझ्याकडं बघत नाहीत. त्यांचेही कागद त्याच कपाटात आहेत. मी एकेकाला विचारलं, येता का माझ्यासोबत तक्रारीला? कुणी हो म्हणालं नाही.

सोमवारी मी कामगार कार्यालयात जाणार. कागद मिळतील का, ठाऊक नाही. नोकरी जाणार, हे ठाऊक आहे. आबा म्हणाले, "म्या येतो संगं. सायबाच्या पाया पडतो."

मी म्हणाले, "न्हाय आबा. तुमी यायचं न्हाय. कुणाच्या पाया पडायचं न्हाय आता. काय बोलायचं ते मी बोलीन."