बिननोटिशीची मोजणी

मी चौतीस वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या जमिनी मोजल्या, त्यामुळे फोनमधला नकाशा मला सुरुवातीला मुळीच पटला नव्हता. हद्दीचा दगड नाही, शेजाऱ्याची सही नाही, आणि म्हणे तुम्ही इथे उभे आहात. या शोधाशोध करून देणाऱ्या कंपनीने कुठल्या शेतात मोजणीची साखळी ओढली होती रे, असं मी मुलाला खवचटपणे विचारायचो. तो हसून माझ्या हातातला फोन घ्यायचा.

बायको ठाण्याच्या हॉस्पिटलात होती, तेव्हाची गोष्ट. मी आणि मुलगा आळीपाळीने तिच्यापाशी बसायचो. कोण कुठवर आलाय ते सारखं विचारायला नको, म्हणून त्याने आमचे दोघांचे फोन नकाशात जोडून टाकले. किती वेळासाठी, असं फोनने विचारलं. त्याने ‘बंद करेपर्यंत’ वर बोट ठेवलं. पंधरा दिवसांत ती गेली. तेराव्यानंतर तो बंगळुरूला परतला आणि बंद करायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. म्हणजे त्याच्या राहिलं नाही असं मी धरून चाललो. माझ्या चांगलं लक्षात होतं.

त्याला आता तीन वर्षं झाली. डोंबिवलीच्या घरात सकाळी चहा ठेवला की मी नकाशा उघडतो. बंगळुरूच्या एका गल्लीवर त्याचा गोल फोटो बसलेला असतो, खाली बॅटरी किती उरलीय तेही दिसतं. साडेनवाला फोटो हलतो, ऑफिसला जातो. एकदा तो भरदुपारी दवाखान्यावर थांबला, तर संध्याकाळपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. एकदा बॅटरी सहा टक्क्यांवर आली. न राहवून मी फोन केला.

“अरे, चार्जिंगला लाव फोन.”

“तुम्हाला कसं कळलं, बाबा?”

“आवाज बारीक येतोय.”

सरकारी मोजणीदाराला थाप मारता येत नाही असं कोणी समजू नये.

आमच्या कामाचा एक नियम होता. साखळी टाकायच्या आधी शेजारच्या सगळ्या खातेदारांना नोटीस द्यायची. बिननोटिशीची मोजणी मी कधी केली नाही. भल्याभल्यांनी डोळे वटारले, साहेबांनी घाई केली, तरी नाही. आणि इथे पोटच्या पोराला रोज मोजत होतो. सांगितलं तर तो बंद करील, याची धास्ती होती. त्याचा फोटो गेला असता तर घरात हलणारं दुसरं काही उरलं नसतं.

मग एका शुक्रवारी सकाळी नकाशा उघडला, तर फोटो इथे ठाण्यात, बाळकुमला. त्याची सासुरवाडी तिथली. त्यांच्या सोसायटीच्या जागी भातशेत होतं तेव्हा गुडघाभर चिखलात उभं राहून मी ते मोजलंय, त्यामुळे पत्ता वाचायचीही गरज पडली नाही. मला काही कळवलं नव्हतं. अचानक दारात उभं राहायचा बेत असेल, असं मी स्वतःला समजावलं. गादीवरची चादर बदलली. पोळी-भाजी केंद्रात जाऊन सहा पोळ्या जास्त घेतल्या.

“काका, पाहुणे का आज?” तिथल्या बाईंनी विचारलं.

“मुलगा येतोय,” मी सांगून बसलो.

दुपारी अळूवड्या आठवल्या, म्हणून पुन्हा गेलो. तो आला नाही. शनिवारी फोटो बाळकुमहून तलावपाळीला गेला, तासभर थांबला आणि पुन्हा बाळकुमला परतला. मी उरलेल्या पोळ्या कुस्करून फोडणीची पोळी केली आणि दोन्ही वेळा तीच खाल्ली. राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते समजेना. चोरून पाहिलेल्या गोष्टीबद्दल तक्रार तरी कशी करणार?

संध्याकाळी सातला त्याचा नेहमीचा फोन आला.

“काय बाबा, डोंबिवलीत उकडतंय का?”

“बाळकुमला नाही उकडत?”

माझ्या तोंडून निघून गेलं.

“म्हणजे दिसलो मी,” तो म्हणाला.

“दिसतोस. तुला नको असेल तर बंद कर.”

“बाबा, मला पण तुम्ही दिसता ना.”

फोन दोघांचे जोडले होते. जन्मभर हद्दी आखल्या आणि आपणही कोणाच्या तरी नकाशात आहोत हे मात्र मी साफ विसरलो होतो.

“आठ-आठ दिवस तुम्ही घराबाहेर पडत नाही,” तो हळू आवाजात म्हणाला. “गेलात तर पोळी-भाजी केंद्रापर्यंत. काल दोनदा गेलात. तेव्हाच मला डाउट आलेला, की मी आलोय हे तुम्हाला कळलंय.”

“मग आला का नाहीस?”

“आलो की आपण टीव्हीसमोर बसणार, बाबा. आई होती तेव्हा तीच बोलायची. मला त्या दोन तासांची भीती वाटते हो.”

मलाही वाटते, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “जेवलास का?”

तो नाही म्हणाला. उद्या दुपारचं विमान आहे म्हणाला, आणि पुढच्या खेपेला नक्की येतो म्हणाला. त्याने बंद केलं नाही. मीही केलं नाही.

रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि काही काम नसताना रिक्षाने कल्याणला काळ्या तलावावर गेलो. तीन फेऱ्या मारल्या. गुडघे बोंबलत होते, पण बाकावर फार वेळ टेकलो नाही. तिथून बाजारात गेलो, उगीच दोन गल्ल्या फिरलो, पुन्हा तलावावर आलो. पोराला बाप हिंडताना दिसायला हवा होता. त्याचा फोटो बाळकुमहून निघाला, विमानतळावर गेला, मग बराच वेळ तिथेच गोठून राहिला.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. ‘आज बराच फिरलात. बरं वाटलं.’

मी ‘हो’ असं उत्तर पाठवलं. सुखरूप पोचलास का, असं लिहायला घेतलं होतं. पण तो घरी पोचल्याचं मला आधीच दिसलं होतं, म्हणून लिहिलेलं पुसून टाकलं.